लपलेला ठसा आणि रंगवलेली माती

बोटांच्या ठशांचा इतिहास आपल्याकडं सांगितला जातो तो बहुतेक कागदाचा इतिहास असतो. करारनामे, तुरुंगाची रजिस्टरं, कलकत्त्याच्या कचेरीतली कपाटं. शाई लावून मुद्दाम उठवलेला ठसा आणि असे हजारो ठसे लावून ठेवायची पद्धत, एवढ्यात गोष्ट संपते. पण चोर काही शाईत बोट बुडवून घरात शिरत नाही. त्याच्या मागं राहतो तो घामाचा आणि तेलाचा, साध्या डोळ्यांना न दिसणारा ठसा. तो दिसता करायला भुकटी लागते. ह्या भुकटीकडं इतिहास लिहिणाऱ्यांचं फारसं लक्ष गेलेलं नाही. माझं गेलं त्याचं कारण माझा धंदा. मी बेळगावचा, उद्यमबागेत ओतकामाच्या कारखान्यांत आयुष्याची बरीच वर्षं काढलेला इंजिनिअर. माती, भुकटी, काजळी, धूळ ह्यांच्याशी माझा संबंध इतिहासाच्या कितीतरी आधीपासूनचा. मोडी नंतर शिकलो, तेही स्वतःच. तेव्हा हा लेख फाउंड्रीवाल्याच्या नजरेतून लिहिलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात मात्र कागदापासूनच करायला हवी. आपल्यापैकी ज्यांनी जुने महजर किंवा करारपत्रं चाळली आहेत त्यांना 'निशाणी नांगर' माहीत आहे. पाटील-कुणब्याचा नांगर, शेटे-वाण्याची तागडी. ज्याला लिहिता येत नाही त्यानं आपल्या कामाचं अवजार काढायचं आणि लिहिणाऱ्यानं 'बिकलम अमुक' म्हणून आपलं नाव घालायचं. ही निशाणी माणसाच्या धंद्याची आणि हक्काची होती, शरीराची नव्हती. गावातला दुसरा पाटीलही नांगरच काढणार. भांडण लागलं तर साक्षीला गोत बसायचं.

विल्यम हर्शेल हा कंपनी सरकारचा तरुण अधिकारी बंगालात जंगीपूरला होता. १८५८ च्या जुलैमध्ये त्यानं राज्यधर कोनाई ह्या माणसाशी रस्त्यासाठी २००० मण खडी पुरवायचा करार केला. सही नंतर 'माझी नाहीच' म्हणून नाकारू नये, म्हणून त्यानं कोनाईच्या तळहाताला शाई लावून करारावर पंजाच उठवून घेतला. शाई कोणती, तर कचेरीच्या शिक्क्यासाठी घरीच केलेली तेलाची. गंमत बघा, शिक्का मोर्तबाचीच शाई माणसाच्या हाताला लागली आणि हात हाच शिक्का झाला. पुढं हुगळीला असताना, १८७७ पासून, त्यानं पेन्शन घेणारे, दस्त नोंदवणारे आणि कैदी ह्यांच्या बोटांचे ठसे घ्यायला लावले. हर्शेलचा सगळा खटाटोप फसवणूक रोखायचा होता. गुन्ह्याच्या जागी राहिलेल्या ठशाचा विचार त्यात नव्हता.

तो विचार आला टोकियोतून, आणि आला मातीतून. हेन्री फॉल्ड्स हा स्कॉटिश मिशनरी डॉक्टर त्सुकिजी भागात दवाखाना चालवायचा. एडवर्ड मोर्स ह्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानं ओमोरी इथं शिंपल्यांचे प्रागैतिहासिक ढीग खोदायला घेतले होते. तिथल्या खापरांवर, माती ओली असताना कुंभाराची बोटं उमटलेली फॉल्ड्सनं पाहिली आणि त्याला नाद लागला. २८ ऑक्टोबर १८८० च्या 'नेचर'मध्ये त्याचं पत्र छापून आलं. रक्ताची बोटं किंवा माती, काच अशा वस्तूंवरचे ठसे गुन्हेगार ओळखायला उपयोगी पडतील, हे त्यात स्पष्ट आहे. अनुभवातली दोन उदाहरणंही त्यानं दिली. एकात काजळीच्या बोटांचे ठसे, ज्यांच्यामुळं संशयित निर्दोष ठरला. दुसऱ्यात पेल्यावर राहिलेली तेलकट बोटं, ज्यांच्यावरून दवाखान्यातलं स्पिरिट कोण पितं ते कळलं. काजळी आणि तेल, म्हणजे भुकटी आणि चिकटपणा, दोन्ही त्या एका पत्रात शेजारी शेजारी आहेत. पण काजळी तेलावर टाकून बघावी, हे काही तिथं आलेलं नाही.

सुरुवातीचे गाजलेले खटले तपासले तर सगळे उघड्या ठशांचे निघतात. १८९८ साली जलपायगुडी जिल्ह्यात चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. पेटीत बंगाली पंचांग होतं, त्यावर रक्ताचा तपकिरी डाग, आणि त्या डागात अंगठा. तो पूर्वी शिक्षा झालेल्या कांगाली चरण ह्या नोकराच्या अंगठ्याशी जुळला. कोर्टानं त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, खुनाच्या आरोपातून सोडलं. म्हणजे ठसा 'हा इथं होता' एवढंच सांगतो, 'ह्यानं मारलं' हे सांगत नाही, ही जाण त्या न्यायाधीशांना पहिल्याच फेरीत होती. आजच्या मालिकांना अजून यायची आहे. १९०२ साली लंडनमध्ये हॅरी जॅक्सन सापडला तो खिडकीच्या ओल्या रंगावर बोटं ठेवल्यामुळं. रक्त नाहीतर रंग; भुकटीची गरजच नव्हती.

जलपायगुडीचा ठसा जुळवता आला, कारण कलकत्त्यात ठशांची कचेरी आदल्याच वर्षी, १८९७ मध्ये, सुरू झाली होती. इथं थोडं थांबायला हवं. आपल्या घरात आजी नातवंडांची बोटं उघडून शंख किती, चक्रं किती मोजायची. दहाही चक्रं असली की पोर राजा होणार. कलकत्त्याच्या कचेरीत अझिझुल हक ह्या गणित जाणणाऱ्या फौजदारानं चक्रंच मोजली, पण राजा शोधायला नाही. दहा बोटांच्या पाच जोड्या पाडायच्या आणि जोड्यांना ओळीनं १६, ८, ४, २, १ अशी किंमत द्यायची. बोटावर चक्र असेल तर त्याच्या जोडीची किंमत धरायची, नसेल तर शून्य. प्रत्येक जोडीतलं एक बोट अंशाच्या बेरजेत, दुसरं छेदाच्या. दोन्ही बेरजांत एकेक मिळवायचा. दहाही चक्रं असतील तर ३२ छेद ३२, एकही नसेल तर १ छेद १. एकंदर ३२ गुणिले ३२, म्हणजे १०२४ खण. लाखभर पत्रकं असली तरी नवं पत्रक घेऊन थेट एका खणापाशी जाता येतं. आज ज्याला आपण द्विमान पद्धत म्हणतो ती लाकडी कपाटात बसवलेली. हेमचंद्र बोस ह्यांनी पुढं खणांतले पोटभाग पाडले आणि ठसा तारेनं कळवायची सांकेतिक पद्धत बसवली. नाव मात्र लागलं ते त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री ह्यांचं. १९०० मध्ये त्यांचं पुस्तक निघालं, १९०१ मध्ये ते लंडनला जाऊन स्कॉटलंड यार्डात ठशांची शाखा उघडते झाले. जगभर पद्धतीला 'हेन्री पद्धत' म्हणतात. हक ह्यांचा वाटा कचेरीतल्या इतर कुणाहीपेक्षा मोठा होता, हे हेन्रींनी १९२६ मध्ये लिहून कबूल केलं, तोवर नाव पक्कं झालेलं होतं.

आता भुकटी. १८९१ मध्ये फ्रान्समध्ये ल्यों इथं रेने फोर्जो ह्यानं आपल्या प्रबंधात लपलेले ठसे उठवायचे उपाय तपासले. आयोडीनची वाफ, सिल्व्हर नायट्रेट, शाई असे. रोजच्या पोलिसी कामात मात्र टिकली ती कोरडी भुकटी आणि मऊ ब्रश. काचेवर, चिनीमातीवर, रंगवलेल्या दारावर हात लागला की बोटांच्या उंच रेषांवरचं तेल आणि घाम तिथं उतरतो. दोन रेषांमधलं अंतर साधारण अर्धा मिलिमीटर. भुकटीचा कण त्याच्या कितीतरी पट लहान, एक ते दहा मायक्रॉनचा हवा, तरच रेष स्वच्छ उठते. कण तेलाला चिकटला पाहिजे, पण कोऱ्या जागेला चिकटता कामा नये. आणि पार्श्वभूमीच्या उलट रंगाचा हवा. ह्या तीन अटी पुऱ्या करायला पोलिसांनी घरात, छापखान्यात, औषधाच्या दुकानात जे सापडेल ते वापरून पाहिलं. पांढऱ्या वस्तूवर काजळी आणि ग्राफाइट. काळ्या वस्तूवर सफेदा, म्हणजे शिशाचा कार्बोनेट, संगजिरं, खडू, चिनीमाती.

आणि 'ग्रे पावडर'. ही मुळात औषधाच्या कपाटातली. एक भाग पारा आणि दोन भाग खडू एकत्र खलून केलेली राखाडी पूड, जी एके काळी इंग्लंडात लहान मुलांनासुद्धा पोट साफ व्हायला देत. पाऱ्याचा बारीक थेंब खडूच्या कणावर बसलेला, त्यामुळं ती तेलाला सुंदर धरायची आणि आरशासारखी चमकायची. काच आणि पॉलिशच्या वस्तूंवर तिच्याइतका फोटो कशाचाच येत नसे. १९४९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एगेट आणि बकेल ह्या दोघांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विषय होता ठशांचे फोटो काढणाऱ्या पोलिसांना होणारी पाऱ्याची विषबाधा. दिवसभर वाकून, नाकाशी ब्रश धरून भुकटी उडवायची, ती श्वासात जायची, कपड्यांवर बसायची. हात थरथरायला लागायचे. ज्याचं काम हाताच्या स्थिरतेवर, त्याचेच हात. सफेद्याचं शिसंही काही कमी नव्हतं; फक्त त्याला वेळ जास्त लागतो.

ठशांच्या इतिहासाच्या पुस्तकांत ह्या माणसांची नावं नसतात. हर्शेल, गाल्टन, हेन्री असतात. कोनाईचं नाव उरलं, कारण त्याचा पंजा कागदावर होता. ब्रश धरणाऱ्यानं दुसऱ्यांचे ठसे कागदावर आणले, स्वतःचा ठेवला नाही.

इथून पुढं मातीकडं यायचं तर मला फाउंड्रीतूनच यावं लागेल, कारण 'रंगवलेली माती' ही चीज मी तिथं पहिल्यांदा हाताळली. ओतकामाचा साचा वाळूचा असतो, पण नुसती वाळू उभी राहत नाही. शंभर किलो वाळूत सात-आठ किलो बेंटोनाईट माती आणि थोडं पाणी घालून मळावं लागतं. बेंटोनाईट आमच्याकडं कच्छहून पोत्यांनी येतं. तापलेलं लोखंड पडलं की साच्याच्या तोंडची माती जळून मरते. ती वाळू पुन्हा वापरायची तर अजून 'जिवंत' माती किती उरली ते कळायला हवं. त्यासाठी मिथिलिन ब्लूची चाचणी असते. वाळूचा नमुना पाण्यात चांगला घुसळायचा, त्यात निळ्या रंगाचं द्रावण मोजून ओतत जायचं, आणि दर वेळी एक थेंब गाळण कागदावर टाकायचा. सुरुवातीला गर्द निळा ठिपका पडतो आणि भोवतीचं पाणी स्वच्छ पसरतं. माती रंग पिऊन बसलेली असते, सोडत नाही. ओतत राहिलं की एका क्षणी ठिपक्याभोवती फिकट निळसर-हिरवट कडं उमटतं. मातीचं पोट भरलं. उरलेला रंग बाहेर पडला. लागलेल्या द्रावणावरून जिवंत मातीचा हिशेब निघतो.

हे होतं कशामुळं? बेंटोनाईटमधलं मुख्य खनिज म्हणजे मॉन्टमोरिलोनाईट. त्याचे थर जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचे, आणि प्रत्येकावर ऋण भार. तो भार फेडायला थरांच्या मधे सोडियम-कॅल्शियमचे धन आयन बसलेले असतात. मिथिलिन ब्लू, क्रिस्टल व्हायोलेट, रोडामिन हे रंगही पाण्यात धन भाराचे. ते त्या आयनांना उठवून त्यांच्या जागा घेतात आणि थराला घट्ट धरून बसतात. शाडू असो, मुलतानी माती असो, ज्या मातीत असे थर आहेत ती कमी-जास्त प्रमाणात हेच करते. चिनीमातीच्या थरांवर भार जवळपास नाही, म्हणून ती रंग फारसा घेत नाही आणि पांढरी ती पांढरीच राहते.

ठशाच्या भुकटीला ह्यातून नेमकं काय मिळतं? नुसत्या रंगाची पूड टाकली तर ती घामाच्या ओलाव्यात विरघळून रेषांमधल्या खाचांत पसरते, ठसा बरबटतो. रंग मातीच्या कणाला बांधलेला असला तर तो कणाबरोबरच राहतो. कण पातळ चकत्यांचे, बारीक, तेलाला चिकटणारे. रंग आपल्याला हवा तो निवडता येतो. चित्रविचित्र छपाई असलेल्या डब्यावर काळी-पांढरी कुठलीच भुकटी चालत नाही. तिथं रोडामिन ६जीसारखा चकाकणारा रंग मातीवर चढवायचा आणि हिरव्या प्रकाशात बघायचं. छपाई अंधारात जाते, ठसा नारिंगी-पिवळा पेटतो. एक बारकावा आहे. मातीवर रंग जास्त चढवला तर रंगाचे रेणू एकमेकांना खेटतात आणि चकाकी विझते. कमी रंग, जास्त उजेड.

दिल्ली विद्यापीठातल्या जी. एस. सोढी आणि जसजीत कौर ह्या रसायनशास्त्रज्ञांनी अशा रंगीत भुकट्यांवर बरीच वर्षं काम केलं. २००१ मध्ये 'फोरेन्सिक सायन्स इंटरनॅशनल'मध्ये त्यांनी भुकटी पद्धतीचा सबंध आढावा घेतला, जुन्या शिसं-पाऱ्याच्या भुकट्यांसकट. त्यांनी इओसिनसारखे रंग ॲल्युमिनाच्या कणांवर चढवले. ॲल्युमिनाच का, हे फाउंड्रीवाल्याला लगेच कळतं: इओसिन ऋण भाराचा, मातीही ऋण, दोघांचं जमायचं नाही. ॲल्युमिनाचा पृष्ठभाग साध्या पाण्यात धन असतो. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठातल्या संशोधकांनी तर २०११ मध्ये स्वयंपाकघरातली हळद वापरून ठसे उठवून दाखवले. आणि नाहीतरी बाजारातला गुलाल म्हणजे काय, पिठी किंवा खडू-मातीची भुकटी आणि तिच्यावर चढवलेला रंग. जोतिबाच्या यात्रेहून परतलेल्या माणसाच्या गाडीचं दार बघा, बोटं उठलेली दिसतील.

पण सोढी आणि कौर ह्यांचं दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं. ह्याच दोघांनी २००५ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये हक आणि बोस ह्यांच्यावर लेख लिहिला आणि ह्या विद्येच्या विसरलेल्या भारतीय आद्यांना पुन्हा लोकांसमोर आणलं. इतिहासाच्या प्राध्यापकांनी नव्हे, भुकट्या करणाऱ्यांनी ते केलं. मला ह्यात आश्चर्य वाटत नाही. ज्याला खणाची किंमत कशी काढली ते स्वतः करून बघावंसं वाटतं, त्याला ती पहिल्यांदा कुणी काढली हेही विचारावंसं वाटतं.

माती स्वस्त, माती आपली, म्हणून माती निरुपद्रवी असं मात्र कुणी समजू नये. बेंटोनाईट काय, शाडू काय, खाणीतून येताना बरोबर थोडी स्फटिकाची बारीक पूड आणतात. तीच फाउंड्रीत फुफ्फुसांत जाऊन सिलिकोसिस करते. माझ्याबरोबर काम केलेला एक मोल्डर पन्नाशीच्या आत जिना चढताना दोनदा थांबायला लागला होता. कारखान्याच्या कागदात त्याचा आजार 'दमा' म्हणून लिहिला गेला. रंगांपैकी क्रिस्टल व्हायोलेट आणि रोडामिन बी ह्यांच्याबद्दलही संशयाची नोंद आहे. तेव्हा पाऱ्याच्या जागी माती आली ही खरी प्रगती, पण मास्क न लावता ब्रश फिरवणारा अजूनही १९४९ च्याच ओळीत उभा आहे. १९६१ मध्ये मॅकडोनेलनं चुंबकी ब्रश काढला, त्यानं भुकटी कमी उडते. पण तिला लोखंडाचा कीस लागतो आणि लोखंडी वस्तूवर ती चालत नाही.

आपल्या छंदाच्या लोकांकडून अधूनमधून विचारणा होते, की जुन्या सनदेवर, पितळी समईवर, खलित्याच्या थैलीवर अशी भुकटी टाकून शे-दोनशे वर्षांपूर्वीचे ठसे निघतील का. कृपा करून टाकू नका. भुकटीला चिकटायला ओलावा आणि तेल लागतं. काही महिन्यांतच ते सुकत जातं, आणि समईवर जे निघेल ते गेल्या दिवाळीला ती घासणाऱ्याचं असेल. कागदावर तर भुकटीचा उपयोगच नाही, ती तंतूंत घुसते आणि निघत नाही. बेंटोनाईट पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून कागदाला डसेल. कागदावरच्या ठशांसाठी १९५४ पासून निनहायड्रिन वापरतात, ते घामातल्या अमिनो आम्लांना जांभळं करतं. पण तेही पोलिसांच्या कागदांसाठी, मोडी दप्तरासाठी नाही.

ज्या जुन्या ठशांना भुकटी लागत नाही ते फॉल्ड्सनं पाहिले तसे, भाजलेल्या मातीतले. आपल्याकडं ते भरपूर असायला हवेत. वडगाव-माधवपूरला सातवाहनकालीन वस्ती निघाली आहे, आणि खानापूर तालुक्यातली कुंभारकामाची माती अजून चाकावर फिरते आहे. खापराच्या आतल्या बाजूला, कान जिथं जोडला तिथं, कौलाच्या टोकाला बोटं शोधावीत. खापर कोरडं ठेवून दिवा अगदी आडवा, जवळपास पृष्ठभागाला टेकून धरला की रेषा उठतात. मोबाईलचा कॅमेरा पुरतो. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवायला विसरू नये.

पट्टी कशाला, तर रेषांची जाडी मोजायला. लहान मुलाच्या रेषा बारीक आणि दाट, मोठ्या माणसाच्या रुंद. १९९९ मध्ये कॅथरिन कँप आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या नैऋत्येकडल्या जुन्या मातीच्या बाहुल्यांवरच्या ठशांवरून त्या मुलांनी केल्या असाव्यात, असं दाखवलं. एक अडचण ओतकामवाल्याच्या ओळखीची आहे: आकुंचन. धातू थंड होताना आकसतो म्हणून आम्ही पॅटर्न मोठा करतो, तशी माती सुकताना आणि भाजताना आकसते, आणि तिच्याबरोबर ठसाही. ही टक्केवारी प्रत्येक मातीची वेगळी, पुस्तकातून उचलून चालत नाही. म्हणून खानापूरची माती आणून तिच्या वीस वड्या करायच्या, दहांवर मोठ्यांची आणि दहांवर मुलांची बोटं उमटवायची, ओल्या असताना, सुकल्यावर आणि भाजल्यावर तीनदा मोजायचं, असं मी ठरवलं आहे. भट्टीची सोय झाली आहे. ज्यांच्याकडं गावच्या पांढरीतली, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातली, पावसानं उघडी पडलेली खापरं आहेत, त्यांनी ती न धुता, कोरडीच ठेवून, आडव्या उजेडातला फोटो आणि जागेची नोंद पाठवावी. वड्यांची मापं हाती आली की ती ह्याच ठिकाणी देतो.